नंबर उतरवून घ्या

श्रोतेहो, नमस्कार. डॉक्टरनं तपासणीच्या नावाखाली नको तिथं हात लावला, तर बाईनं जायचं कुठं? वाटा दोन आहेत. एक पोलीस ठाण्याची, दुसरी डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेची. दोन्ही वेगळ्या आहेत, दोन्हीकडे जाता येतं. परिषद कुणाला तुरुंगात घालत नाही. ती डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काढते, काही काळापुरतं नाहीतर कायमचं. नाव गेलं की प्रॅक्टिस बंद.

आमच्या तासगावच्या आत्याला यातलं एकही कलम ठाऊक नव्हतं. सुनेला घेऊन मिरजेला आली, की आधी भिंतीवरचं सर्टिफिकेट बघायची आणि रजिस्ट्रेशन नंबर दुधाच्या वहीत उतरवून घ्यायची.

"मावशी, हे कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोरीला रिक्षात बसवताना नंबर बघतोच की आपण."

डॉक्टर हसले. "बरं, आता बाहेर बसा. पेशंटला तपासायचंय."

आत्यानं स्टूल ओढलं, पदर खोचला. "बसले की."

"अहो, बाहेर!"

"बाहेर टीव्ही लई मोठ्यानं लावलाय."

ते मात्र खरं होतं. कण्हणाऱ्या माणसांपुढं मालिकांची भांडणं लावायची पद्धत कुणी काढली, देव जाणे! मी तर उठून बंदच करते. असो. शेवटी डॉक्टरांनी सिस्टरना हाक मारली. पडद्याआड वहिनी, सिस्टर आणि आत्या. पाच मिनिटांत तपासणी उरकली.

पुरुष डॉक्टर तपासत असताना सोबत बाईमाणूस हवं, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंही 2019 मध्ये राज्यांना कळवलंय. आणि नंबर दवाखान्यात लावणं, चिठ्ठीवर छापणं डॉक्टरला बंधनकारकच आहे. सर्टिफिकेट नीट वाचा बरं का. एमबीबीएस असेल तर वैद्यक परिषद. आयुर्वेद, होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या.

पेशंटशी गैरवर्तन केलं तर शिस्तभंगाची कारवाई, हे डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलच्या 2002 च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय. निकाल सहा महिन्यांत लागावा, हेही लिहिलंय. पण 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात परिषदेच्या निकालावर अपील करायचा हक्क दिलाय डॉक्टरला. तक्रार करणारीला त्या कलमात जागाच नाही. हे मला पटत नाही. म्हणून पहिलाच अर्ज पक्का हवा. तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, डॉक्टरचा नंबर, सगळं लिहा. केसपेपरची झेरॉक्स जोडा, मूळ कागद घरीच ठेवा.