'नाऊ'च्या घरचा 'नु'

नमस्कार श्रोतेहो. इंग्रजीतला 'नाऊ' आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. नाऊ म्हणजे आता. आता ऋग्वेदातली ही ओळ ऐका: 'इन्द्रस्य नु वीर्याणि प्र वोचम्'. इंद्राचे पराक्रम आता सांगतो. त्यातला 'नु' आणि इंग्रजांचा 'नाऊ' हे भाऊभाऊ. बरं का, भाऊभाऊ, बापलेक नव्हेत.

हे नातं जगापुढे मांडलं सर विल्यम जोन्स यांनी. १७८३ साली ते कलकत्त्याला सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून आले. हिंदूंच्या खटल्यात पंडित सांगतील तो शास्त्रार्थ मुकाट्याने मान्य करायचा, हे काही त्यांना रुचेना. ठरवलं, आपणच संस्कृत शिकायचं! पण शिकवणार कोण? साहेबाला देवभाषा शिकवायला ब्राह्मण पंडित तयार होईनात. शेवटी रामलोचन नावाचे एक वैद्य मिळाले. त्यांच्या अटींचा किस्सा बंगालमध्ये रंगवून सांगतात. शिकवणीला वेगळी खोली हवी, फरशी संगमरवरी हवी, ती रोज गंगाजलाने धुतली पाहिजे. घरात मांस शिजता कामा नये. आणि साहेबांनी धड्याला उपाशीपोटी बसायचं! खूप विनवण्या झाल्या, तेव्हा कुठे एक कप चहा मंजूर झाला. मला विचाराल तर वैद्यबुवांचं बरोबर होतं. हल्लीच्या कार्यशाळा बघा: आधी नाश्ता, मग सत्कार, मग पुन्हा चहा, आणि शिकवायच्या वेळेला निम्मा हॉल पेंगतोय.

असो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीत जोन्स म्हणाले, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, आणि ते मूळ आज कदाचित उरलेलंही नसेल. संस्कृत हेच ते मूळ, असं ते म्हणाले नाहीत. पुन्हा सांगतो, म्हणाले नाहीत. व्हॉट्सॲपवर काहीही येऊ दे.

तर संस्कृतात 'नु', ग्रीकमध्ये 'नून', लॅटिनमध्ये 'नुंक', जुन्या इंग्रजीत 'नू'. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजांच्या तोंडी दीर्घ 'ऊ'चा 'आऊ' झाला. हूसचं हाउस झालं, मूसचं माउस, नूचं नाऊ. डॅनिश लोक आजही 'नू'च म्हणतात. आणि हो, त्या मूसच्या घरातच आपला मूषक; पण त्याचं पुढच्या भागात. नमस्कार.