सातबाऱ्यावर भात, जागेवर घरं

(ठाण्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी भूमापक होतो. बांधावर उभं राहून मोजणी करण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे घरांबद्दल बोलायचं म्हटलं तरी माझी गाडी जमिनीवरूनच सुटते. वर्तमानपत्रात आपण वाचतो की ठाणे-नवी मुंबईत अमुक हजार घरं येणार. हा आकडा कुठल्या दप्तरातून निघतो आणि त्यातून काय सुटतं, ते आज सांगतो.

शिळफाट्याकडच्या एका गावातला सातबारा डोळ्यांपुढे आणा. क्षेत्र ४० गुंठे, म्हणजे एक एकर. पीक भात. खातेदार मात्र २७, प्रत्येकाच्या नावापुढे एक-दीड गुंठा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. प्रमाणभूत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकडा वेगळा करून विकता येत नव्हता, म्हणून खरेदीखतं झाली ती अविभाजित, म्हणजे न वाटलेल्या सामाईक हिश्श्याची. मोजणी नाही, तुकड्यांचा फाळणी नकाशा नाही, क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक नाही. मग पोटहिस्सा, म्हणजे दप्तरात वेगळा तुकडा, पडणार कुठून? मी जागेवर गेलो तेव्हा बांध कुठे होता तेही ओळखू येईना. दोन-दोन मजली घरं, मधून जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट, एका दारात तुळस, आणि शाळेला निघालेल्या मुलीची वेणी घालत उंबऱ्यावर बसलेली आई. दप्तरात तिथे अजून भात पिकत होता. महसुलाच्या हिशेबी भूखंड शून्य, घरंही शून्य.

अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी कायदा आला. कुठल्या तारखेपर्यंतच्या वस्त्या त्यात बसतात, ती तारीख २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. हे चांगलंच झालं, लोकांना आधार मिळाला. पण नियमित होईपर्यंत ते घर मोजायचं कुणी?

नवी मुंबईची गोष्ट निराळी. १९७० साली ही नगरी वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे वारसांत हिस्से पडले, तसे वाट्याला आलेले भूखंडही लहान. आता इथे बघा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे कायदेशीर परवानगी घेऊन छोट्या भूखंडावर उभी राहिलेली इमारतसुद्धा रेराच्या यादीत सापडेलच असं नाही. गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेली घरं तर दूरच.

रेरामुळे २०१७ पासून ग्राहकाच्या हाती पुष्कळ आलं, हे मी मनापासून मानतो. पण ती नोंद प्रकल्पाची. सदनिका विकली गेली का, हे तिथे कळतं. तिच्यात कुणी राहतं का, हे कळत नाही. ते जनगणना सांगते, आणि २०११ नंतरची २०२१ ला व्हायची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. माझी धाकटी बहीण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, नसलेल्या इमारतीत सहा वर्षं राहतेय. बिल्डरने पैसे पूर्ण घेतले, कागद अर्धवट ठेवले. ती घरपट्टी भरते, म्हणून कर खात्याला तिचं घर दिसतं. बांधकाम परवानगीच्या खात्यात तीच इमारत अजून ‘काम चालू’ आहे.

या विसंगतीला मी कारकुनी चूक म्हणत नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळ-डायघरला बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. मोजमापात नसलेल्या घरात माणसं राहतात, मुलं वाढवतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. घरांच्या अहवालात नुसते मंजुरीचे आकडे नकोत. प्रत्येक भूखंडापुढे तारखा हव्यात: मोजणी कधी झाली, बिनशेती कधी, बांधकाम परवानगी कधी, भोगवटा कधी. चारही नोंदींत तोच एक क्रमांक चालला पाहिजे. मग घर नक्की कुठे अडलंय, हे कुणालाही दिसेल.

सुरुवात आपल्याच प्रभागातल्या दहा इमारतींपासून करू. पुढच्या रविवारी येताना आपापल्या इमारतीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि असेल तर भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घेऊन या. कोरा तक्ता मी आखून ठेवलाय.