दोन तासांचा शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आपल्याकडे वावरातलं काम जरा सैल पडतं. मृग लागेपर्यंतचे हे दिवस लग्नांचे, यात्रांचे. याच दिवसांत गावासाठी थोडा वेळ काढावा, असं मला मनापासून वाटतं आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

सेवेची ओळख विदर्भाला कुणी करून द्यायला नको. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कुठल्याही गावात गेले की आधी खराटा हाती घ्यायचे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावी सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई नेली. बाबा आमट्यांच्या सोमनाथला, मूल तालुक्यात, ऐन मे महिन्याच्या उन्हात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. २०१६ साली गावागावांची पाणलोट स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांत आपला वरुड तालुका होता. पहाटे फावडं-टोपलं घेऊन माळावर चर खोदायला निघालेली माणसं अनेकांच्या अजून डोळ्यांसमोर असतील.

एवढा वारसा असूनही एक खंत वाटते. एका दिवसाच्या सेवेत आपण पटाईत झालो आहोत, वर्षभर चालणाऱ्या सेवेत मात्र कमी पडतो.

रक्तदानाचंच बघा. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांतल्या काहींना वरचेवर रक्त चढवावं लागतं. बाळंतपणं, अपघात हे तर बाराही महिने. आपण मात्र एखादी जयंती आली की एकाच दिवशी तालुक्यात चार-चार शिबिरं घेतो. उत्साह खरा असतो, त्याबद्दल शंकाच नाही. पण साठवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. मग मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि रुग्णाचे नातेवाईक दाता शोधत फिरताहेत, ही वेळ येते. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. गावातल्या दात्यांची एक वही करायची, कुणाचा रक्तगट कोणता, मागच्या खेपेला कधी दिलं ते लिहायचं आणि पाळीपाळीने त्यांना आठवण द्यायची. ज्यांना स्वतःला रक्त देता येत नाही, अशा एखाद्या आजारी गुरुजींनीही घरबसल्या करावं असं हे काम आहे. शिबिराच्या मांडवाइतकंच ते मोलाचं आहे.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली आणि तलाव सरकारकडे आले. आधी उन्हाळ्यात पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, डागडुजी, पाटाची सफाई गावकऱ्यांच्या हातून व्हायची. पुढे ‘ते आता सरकारचं’ म्हणून हात आखडले. गाळ साचला, काठाने बेशरमची झुडपं माजली. ही बेशरम एकदा उपटून भागत नाही. तिच्या दांड्याचा तुकडा ओल्या मातीत राहिला तरी तो पुन्हा मुळं धरतो. म्हणून ती उपटायची, पाण्यापासून लांब नेऊन कडक वाळवायची आणि पुढच्या उन्हाळ्यात परत येऊन बघायचं. फोटो पहिल्या दिवशी निघतात. तलाव मोकळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही आलेल्या माणसांमुळे, आणि तेव्हा कुठे मासळीवर पोट असलेल्या ढिवर कुटुंबांच्या जाळ्यात काही लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला दिवसभराच्या श्रमदानाला बोलावणं अन्यायाचं आहे. त्याचा तो दिवस बुडतो. ज्याच्याकडे वावर आहे, पगार आहे, पेन्शन आहे, त्याने जास्त वेळ द्यावा. आणि जिथे रोजगार हमीतून मजुरी मिळू शकते, ते काम सेवेच्या नावाखाली फुकट करून घेऊ नये.

अंगमेहनत जमत नसेल तरी काम खूप आहे. माझ्या ओळखीच्या एका गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी अभ्यासिका आहे. पुस्तकं देणगीत मिळाली, खुर्च्या ग्रामपंचायतीने दिल्या, पण किल्ली कुणाकडे हे ठरेना, म्हणून ती बंदच असायची. मग शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी किल्ली मागून घेतली. संध्याकाळी सातला त्या कुलूप काढतात, लाइट लावतात, मशीनवरचं उरलेलं काम तिथेच बसून हाताने उरकतात. आता मुलीही येतात, कारण तिथे ताई बसलेल्या असतात. नव्याने मदतीला आलेल्या एका पोराला त्या म्हणाल्या, “रोज येनं जमत नसन तं नोको येऊ, पन मंगळवार म्हनला तं मंगळवारी ये.”

संस्थांना नेमकं हेच हवं असतं. तुमच्या जवळ वाचनालय असेल, वृद्धाश्रम असेल, महिला बचत गट असेल, अपंग मुलांची शाळा असेल, तिथे जाऊन आधी विचारा, “तुमचं कोणतं काम अडलंय?” कदाचित ते हिशेबाच्या वहीचं असेल. कदाचित एखाद्या आजीला निराधार योजनेच्या कागदांसाठी तहसीलला नेऊन आणण्याचं असेल. पोस्टर रंगवायची हौस घेऊन गेलात आणि हाती वही आली, तरी ती घ्या. संस्थेच्या कार्यकर्त्यांनाही विनंती आहे, आलेल्या माणसाला नुसतं सतरंजीवर बसवून ठेवू नका. काय करायचं, किती वाजेपर्यंत, अडलं तर कुणाला विचारायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा.

उन्हाचं मात्र जपा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा श्रमदान सकाळी सहाला सुरू करून नवाच्या आत थांबवा आणि पाण्याचा माठ आधी पोहोचेल असं बघा. आणि येत्या ग्रामसभेला जाल, तेव्हा रक्तदात्यांची वही कोण सांभाळणार, एवढा एक प्रश्न नक्की विचारा.

नमस्कार.