जड भुकटी, हलका अँटेना

पोस्टाच्या तिकिटाएवढी ही सिरॅमिकची वडी म्हणजे जीपीएसचा अँटेना. 25 मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद, 4 मिलिमीटर जाड. वर चांदीचा चौकोन, त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे छाटलेले. उपग्रहाकडून येणारी लहर गोल फिरत येते. हे कोपरे न छाटता ठेवले, तर निम्मा सिग्नल वाया जातो.

जीपीएसच्या एल-1 नावाच्या लहरीची लांबी 19 सेंटिमीटर, आणि चौकोन लागतो तिच्या निम्म्या लांबीचा. वडीऐवजी नुसती हवा असती, तर वरचा चौकोन साडेनऊ सेंटिमीटरचा लागला असता. पदार्थात लहर किती आखूड होते, ते त्याच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरतं; स्थिरांक जास्त, तर लहर आखूड. 20 स्थिरांकाच्या सिरॅमिकवर तो चौकोन 21 मिलिमीटरमध्ये बसतो. नाविक या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहप्रणालीच्या एल-5 लहरीला, 1176.45 मेगाहर्ट्झला, हाच चौकोन 28 मिलिमीटरच्या पुढे जातो. मे 2023 मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहापासून नाविकलाही एल-1 मिळाला, आणि लहान वडी त्यालाही चालू लागली.

ही वडी मुख्यतः मॅग्नेशियम टायटनेटची, भुकटी दाबून आणि भाजून केलेली. वजन नऊ-साडेनऊ ग्रॅम. 250 ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनवर तेवढंही जाणवतं.

मग हलकी भुकटी घ्यायची? लिथियम टायटनेट हलकं आहे, घन सेंटिमीटरला सुमारे 3.4 ग्रॅम. पण भट्टीत त्यातलं लिथियम उडतं आणि मिश्रण बिघडतं. झिर्कोनियम-टिन टायटनेट जड, 5 ग्रॅमच्या वर. मात्र त्याचा स्थिरांक 38 च्या आसपास, म्हणून 18 मिलिमीटरची वडी पुरते आणि वजन सात ग्रॅमच्या आत येतं. जड भुकटीनेच अँटेना हलका होतो! फक्त बँडविड्थ, म्हणजे अँटेना ज्या पट्ट्यात नीट ऐकतो तो पट्टा, आकसते, आणि मग प्रत्येक चूक महागात पडते.

अर्धवट भाजून वडीत छिद्रं ठेवली तरी वजन उतरतं. हे मुळीच करू नये. स्थिरांक पडतो, आणि पावसाळ्यात छिद्रांत ओल शिरली की अँटेना ज्या वारंवारतेला जुळलेला असतो ती भरकटते.

मॅग्नेशियम टायटनेट एकटं वापरत नाहीत. तापमान एक अंशाने वाढलं, की त्याची वारंवारता दशलक्षात सुमारे 50 भागांनी घसरते. कॅल्शियम टायटनेटची उलट 800 भागांनी चढते. म्हणून ते पाचेक टक्के मिसळतात. मग टपावरच्या उन्हातही अँटेना जागेवर राहतो.

भुकटी बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, घालून जवळपास 30 मिलिमीटरच्या साच्यात दाबतात, कारण भाजताना वडी सोळाएक टक्के आक्रसते. 600 अंशांपर्यंत आच सावकाश वाढवायची. घाई केली, तर जळणाऱ्या बाइंडरचा वायू एकदम सुटतो आणि वडी तडकते. चांदीची पेस्ट नंतर छापून 850 अंशांच्या आसपास भाजतात. चांदी 962 अंशांना वितळते, हे विसरून चालत नाही.

स्थिरांक एका टक्क्याने चुकला, तर वारंवारता 8 मेगाहर्ट्झ सरकते. चांदीची कड खरवडली की वारंवारता वर जाते, खाली येत नाही. म्हणून छपाईतच ती थोडी खाली ठेवतात. प्लास्टिकचं झाकण ती आणखी खाली ओढतं, त्यामुळे शेवटची मोजणी उघड्या वडीवर नाही, तर झाकण लावलेल्या डबीतच करायची.