डब्यातलं मशीन

(दृश्य: स्टीलचा डबा. झाकण उघडतं.)

सुया, दोऱ्याची रिळं, बंद पडलेलं घड्याळ. आणि तळाशी कानाचं मशीन. शिबिरात मिळालेलं. आजी ते घालत नाहीत. म्हणतात, "नुसती शिट्टी वाजते."

खरंच वाजते. कानाच्या मापाचा साचा नसला, की आवाज फटीतून बाहेर निसटतो आणि फिरून मशीनमध्येच शिरतो. बॅटरीचंही तसंच. वरचा स्टिकर काढला की ती हवा घेऊ लागते. मग मशीन घाला नाहीतर डब्यात ठेवा, ती उतरत जाते.

रजिस्टरमध्ये मात्र नोंद पक्की : मशीन दिलं.

(दृश्य: जिल्हा रुग्णालय, सकाळची ओपीडी.)

2006-07 मध्ये 10 राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या 25 जिल्ह्यांत राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आखणी चांगली होती, हे कबूल करायला हवं. वाहता कान आशाताईंनीच गावात ओळखायचा, जिल्ह्याला तपासणीची यंत्रं आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारा तज्ज्ञ, द्यायचा. ही पदं मात्र कंत्राटी. माणूस गेला, की यंत्रावर कापड चढतं.

(दृश्य: झोपलेलं बाळ. कानात बोंडाएवढी नळी.)

ही ओएई, बाळाला ऐकू येतं का ते पाहणारी चाचणी. बारीक आवाज आत जातो, निरोगी कान त्याला स्वतःचा प्रतिध्वनी देतो. बाळ झोपेत असलं तर काही मिनिटांत काम होतं. महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. हे वेळापत्रक जगभर मानलं जातं. आपल्याकडे "याचे मामाही उशिरा बोलले" म्हणण्यात दोन वर्षं जातात.

मुलांमधला जवळपास 60 टक्के बहिरेपणा टाळता येण्याजोगा आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कान फुटला की कोमट तेल घालणारं घर त्या हिशेबात येतं.

(दृश्य: गुलाबी लगदा आजींच्या कानात भरला जातो.)

आता साचा होतोय. पाच मिनिटं मान हलवायची नाही. तयार साचा घ्यायला परत यायचं, मग मशीन जुळवायला आणखी एकदा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना एसटी फुकट, सुनेला अर्धं तिकीट. सुनेचा रोज मात्र प्रत्येक खेपेला बुडतो, आणि त्यासाठी योजनेत रकाना नाही.