धागा कटिंग, किसननगर

एकावर एक रचलेले हे कापडाचे थर दिसतायत ना, हे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातलं कटिंग टेबल. सगळ्यात वर मार्करचा कागद, त्याच्यावर बाही, गळा, पाठ सगळं अगदी चिकटून बसवलेलं, कारण चिंधीसुद्धा वाया गेलेली परवडत नाही. मास्टरच्या डाव्या हातात स्टीलच्या जाळीचा ग्लोव्ह आहे बघा. हे उभं पातं सगळे थर एका दमात कापतं, बोट मध्ये आलं तर बोटपण. मग बंडल बांधून माल शिलाई मशीनवर, ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक या शिलाया, मग लेबल. एक कारीगर दिवसभर फक्त खांदेच जोडतो, दुसरा फक्त बाह्या लावतो, अख्खा टी-शर्ट इथे कोणीच एकट्याने शिवत नाही.

आता हे रजिस्टर नीट बघा. सुई तुटली की तिचा तुकडा न् तुकडा शोधायचा, या पानावर टेपने चिकटवायचा, तारीख आणि मशीन नंबर लिहायचा, मगच नवी सुई मिळते. कपड्यात राहिलेला तुकडा तिकडे परदेशात कुणाच्या लेकराला टोचला तर अख्खा लॉट परत येऊ शकतो, म्हणून बायर, म्हणजे माल विकत घेणारी परदेशी कंपनी, हे रजिस्टर मागून तपासतो. चांगलीच गोष्ट आहे, तपासायलाच पाहिजे.

पण हाच माल संध्याकाळी गोणीत भरून ठेकेदाराच्या माणसाच्या स्कूटरवर बसतो आणि थोड्याच वेळात किसननगरच्या गल्लीत पोचतो. हा जिना. ही खोली. ताई भिंतीला टेकून बसल्यात, मांडीवर ढीग, हातात छोटा कटर. शिवणीच्या टोकाला धागे लोंबत असतात ते कापायचे, शिवण उसवता कामा नये, कापडाला टोक लागता कामा नये, याला धागा कटिंग म्हणतात. हात बघा किती पटापट चालतोय, ताई आमच्याशी बोलतायत आणि नजर मात्र कापडावरच. शेजारच्या काकू येऊन बसतात, शाळेतून आलेली मुलगी घड्या घालते. जागा घरची, लाईट घरची, कटरपण घरचा. पैसे पीसवर, तासावर नाही, आणि डाग निघाला की पीस परत. ताईंचं नाव गाळ्याच्या कुठल्याच मस्टरवर नाही, ठेकेदाराच्या डायरीत फक्त पिसांचा आकडा असतो.

हे काम घरात कसं शिरलं त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणीत हजेरी होती, पीएफ होता, युनियन होती. संपात मालकांनी इथेच, ठाणे जिल्ह्यात, भिवंडीच्या पॉवरलूमवर कापड काढून घ्यायचा सपाटा लावला. म्हणजे काम चालूच राहिलं, फक्त कामगार कागदावरून गेला. त्यात जगाचा बाजार बदलला. 1974 पासून मल्टी फायबर अरेंजमेंट होतं, कुठल्या देशाने श्रीमंत देशांना किती कपडे विकायचे त्याचा कोटा ठरलेला असायचा. 1 जानेवारी 2005 ला कोटा संपला, आणि एकाच टी-शर्टसाठी ढाका, व्हिएतनाम, तिरुपूर आणि आपलं ठाणे एकमेकांपेक्षा कमी भाव सांगायला लागले. कापूस, भाडं, वीज यांचा दर गाळेवाल्याच्या हातात नसतो, मग कात्री लागते ती मजुरीला, आणि सगळ्यात आधी जी बाई कुठल्या कागदावरच नाही तिच्या मजुरीला.

ढाक्यातही असेच परदेशी बायरसाठी कपडे शिवले जातात. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली.

आता आपल्या मालाकडे परत येऊ. हा कंटेनर ठाणे-बेलापूर रोडने उरण फाट्याकडे चाललाय, तिथून न्हावा शेवा. 1989 पासून चालू असलेलं हे बंदर, रात्री क्रेनच्या दिव्यांनी नुसतं उजळलेलं असतं. आत किती पीस आहेत ते इन्व्हॉइसवर लिहिलंय, धागे कुणी कापले ते कुठेच नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 177 नंबरचा करार 1996 सालचा आहे. घरी बसून काम करणाऱ्याला शक्य तितकी इतर कामगारांसारखीच वागणूक द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही, ती दिलीच पाहिजे. आणि तोपर्यंत निदान एवढं तरी व्हावं, माल देणाऱ्याने पीस, दर आणि तारीख लिहिलेलं कार्ड ताईंच्या हातात द्यावं, दर किमान वेतनाचा हिशोब धरून ठरावा, आणि बायरचा माणूस तपासणीला आला की त्याने गाळ्यावरूनच परत न फिरता किसननगरचा हा जिनापण चढावा.