महालातली गच्ची आणि पूर्वाभाद्रपदेचा भडका

नोव्हेंबरची रात्र, आठचा सुमार. नागपूरच्या महाल भागातली ही गच्ची. टॉर्च धाकट्याच्या हातात आहे. भिंतीवर फक्त उजेडाचा एक डाग. ताई सांगते, "आता इकडं पाह्य, सरळ माझ्याकडं धर."

टॉर्च तीच, सेलही तेच. फिरली ती दिशा.

ब्लेझार नावाची दीर्घिका अशीच असते. तिच्या मधोमध कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर, त्याच्याभोवती गरगरत आत ओढला जाणारा वायू, आणि वर-खाली जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सुटलेले दोन झोत. त्यांतला एक नेमका आपल्याकडे रोखलेला. झोतातले इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडकतात, आपली ऊर्जा त्यांना देऊन टाकतात आणि त्या कणांचे गॅमा किरण, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जेचा प्रकाश, होतात. झोतात खळबळ माजली, की काही दिवसांत, कधी तर काही मिनिटांत, हे किरण कितीतरी पटींनी वाढतात. हाच तो भडका.

ताईचं बोट आता थेट डोक्यावर. महाश्व तारकासमूहाचा चौकोन, त्याच्या कोपऱ्यात पूर्वाभाद्रपदेचा तारा. त्याच्या शेजारी, डोळ्यांना न दिसणारा ब्लेझार, थ्रीसी ४५४.३. नोव्हेंबर २०१० मध्ये गॅमा किरणांच्या आकाशात याच्याइतकं तेजस्वी काहीच नव्हतं. एरवी तो मान आपल्याच आकाशगंगेतल्या वेला पल्सारचा, म्हणजे एका गरगरणाऱ्या मृत ताऱ्याचा. हे किरण निघाले सात अब्ज वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीही नव्हती.

गॅमा किरण हवेतच अडतात, म्हणून ते टिपायला फर्मी दुर्बीण अवकाशात आहे, जून २००८ पासून. सगळं आकाश ती पुन्हापुन्हा पाहून घेते, नागपूरवरूनही जाते. आणि तिनं टिपलेला प्रत्येक गॅमा किरण सर्वांसाठी खुला आहे. फी नाही, शिफारसपत्र नाही. हे विदर्भातल्या प्रत्येक कॉलेजात पहिल्याच वर्षी सांगायला हवं.

२०१७ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या बर्फात सापडलेल्या एका न्यूट्रिनोचा, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या सूक्ष्म कणाचा, मागही भडकलेल्या अशाच एका ब्लेझारपर्यंत गेला.

जिन्याखालची ही खोली. जुना लॅपटॉप, मांडीवर शाल. ताईच्या आलेखावर फर्मीनं टिपलेल्या गॅमा किरणांचे ठिपके एकेक करून चढतायत.

हा शेवटचा, कालचा.